गोणपाटातला पाइप

माझ्या दारावर ‘पेटंट एजंट’ अशी पाटी आहे. हिंगोलीत ती वाचून आत येणाऱ्यांतले निम्मे लोक सातबाऱ्यावर नाव चढवायला काय काय लागतं ते विचारतात. काहींना नुसती झेरॉक्स हवी असते. मी झेरॉक्स काढून देते, सातबारावाल्यांना तलाठ्याकडे धाडते आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसते. खरं गिऱ्हाईक क्वचित येतं, पण आलं की एकटं येत नाही. त्याच्याबरोबर एखादा मामा, एखादा साडू आणि गोणीत भरलेला यंत्राचा तुकडा हमखास असतो. तुकडा टेबलावर ठेवला जातो, टेबलाची काच तडकते आणि कामाला सुरुवात होते.

सेनगाव तालुक्यातल्या आमच्या तांड्यातून रसायनशास्त्र शिकायला बाहेर पडलेली मी पहिली मुलगी. पुढे पुण्यात एका कचेरीत बरीच वर्षं पेटंटचं काम केलं. सुनावण्या संगणकाच्या पडद्यावर व्हायला लागल्या तेव्हा म्हटलं, पडदा पुण्यात काय आणि हिंगोलीत काय, आणि परत आले. माझी याडी, म्हणजे आई, तेव्हा म्हणाली, “इतकं शिकलीस, आता तरी सांग, तू करतीस तरी काय?” मी म्हटलं, “लोकांच्या युक्त्यांवरून भांडणं होतात, त्यात बोलते.” तिनं जरा विचार केला आणि म्हणाली, “मंग बोलाया पुन्यालाच कशाला जावं लागलं? हितं काय भांडनं न्हाईत का?”

तर आधी काम सांगते. पेटंट हा सरकारशी केलेला सौदा असतो. तुम्ही तुमची नवी युक्ती सगळ्यांना समजेल अशी उघड लिहून द्यायची आणि त्या बदल्यात ठरावीक वर्षं ती दुसऱ्या कोणाला वापरता येणार नाही, असं सरकार तुम्हाला लिहून देतं. यातली ‘उघड’ ही अट आमच्या भागातल्या माणसाच्या घशाखाली उतरत नाही. आमच्याच तालुक्यातल्या गोरेगावकडचे एक मेंढ्या राखणारे आजोबा शेळ्यांच्या हगवणीच्या औषधाचं पेटंट मागायला आले होते. औषधात काय आहे, विचारलं तर म्हणाले, “ते न्हाई सांगत.” मी म्हटलं, “मग सरकारला काय कळवू?” ते म्हणाले, “लिवा की, औषध बराबर हाय म्हनून.” तासभर वाद घालून, दोन कप चहा पिऊन आजोबा गेले. जाताना याडीच्या आजारी शेळीला मात्र पिशवीतली चिमूटभर पूड चारून गेले. पेटंट झालं नाही, शेळी अजून चरते आहे.

पण पेटंट मिळवून देण्यापेक्षा मला दुसऱ्याच्या पेटंटला आव्हान द्यायचं काम जास्त आवडतं. स्वभावच तसा आहे, घरचेही हेच म्हणतात. एखादं पेटंट दिलं गेलं आणि ती गोष्ट मुळात नवी नव्हती असं कोणाला वाटलं, तर ज्याचा त्यात संबंध आहे त्याला एका वर्षाच्या आत विरोध नोंदवता येतो. मग पेटंट कचेरी तीन जाणकारांचं विरोध मंडळ नेमते. आमच्या तांड्यात भांडण झालं की कारभारी आणि जाणती माणसं दोन्ही बाजू ऐकून आपलं मत सांगतात आणि निकाल नाईक देतो. इथेही तसंच. मंडळ मत देतं, निकाल वरचे अधिकारी देतात. तो मान्य नसेल तर अपील. पूर्वी अपिलांसाठी वेगळं मंडळ होतं, ते बंद झालं, आता थेट उच्च न्यायालय. माझी भिस्त पहिल्यापासून मंडळावरच. तिथं हरलेला माणूस उच्च न्यायालयापर्यंत पोचेस्तोवर त्याचा धंदा बसलेला असतो.

मंडळापुढं रडून चालत नाही. ‘माझा अशील गरीब आहे’ हा मुद्दा कायद्यात कुठंही नाही. दहा मुद्द्यांची टोपली उपडी करण्यापेक्षा एकच मुद्दा धरायचा आणि तो सोडायचा नाही. समोरच्यानं पेटंट मिळवताना काय काय लिहून दिलंय ते त्याच्यापेक्षा जास्त वेळा वाचायचं. आणि साक्षीदारांच्या प्रतिज्ञापत्रांत एकाचे शब्द दुसऱ्याच्या तोंडात घालायचे नाहीत. पाच माणसांनी शब्दाला शब्द जुळवून सांगितलं की मंडळाला कळतं, बोलणारा एकच आहे.

एवढं सगळं ठाऊक असूनही मारोतीच्या कामात मी हरता हरता वाचले.

मारोतीचं गोरेगावात वेल्डिंगचं दुकान. हळद शिजवायचे वाफेचे कुकर बनवतो. आमच्याकडे हळद मोप, आणि ओले कंद खणून काढले की शिजवल्याशिवाय वाळवता येत नाहीत. पूर्वी कढईत शिजवायचे, आता बॉयलरची वाफ ड्रममध्ये सोडतात. त्यात अडचण एकच. वाफ खालून येते म्हणून तळाचे कंद लगदा होतात आणि वरचे कच्चे राहतात. मारोतीच्या ड्रममध्ये मधोमध एक उभा पाइप असतो. त्याला खाली भोकं विरळ आणि वर जाईल तशी दाट, म्हणजे वरच्या कंदांनाही वाफ बरोबरीनं मिळते. ही युक्ती त्याच्या वडिलांची, ग्यानबांची. ते वारले. ग्यानबांनी कुकर कधी विकला नाही. स्वतःचा एकच कुकर ते शेतोशेती नेऊन लोकांची हळद शिजवून द्यायचे.

मारोतीनं तसे कुकर बनवून विकायला सुरुवात केली तोवर दूरच्या एका शहरातल्या अवजारांच्या कंपनीनं नेमक्या अशाच पाइपाचा अर्ज केलेला होता. तिला पेटंट मिळालं आणि मारोतीला नोटीस आली: कुकर बनवणं बंद करा. दुकानापुढं अर्धवट जोडलेले ड्रम पडून राहिले आणि हातातली गिऱ्हाइकं दुसरीकडं वळायला लागली. आयुष्यभरात त्याला हे एकच काम येत होतं. वर्ष संपायच्या आत तो माझ्याकडे पोचला ही त्यातल्या त्यात बरी गोष्ट. निम्मे लोक वर्ष उलटल्यावर येतात आणि मला हात जोडून परत पाठवावे लागतात. त्याची रुखरुख मला आजही आहे.

“बाबाच्या नावावर करून द्या ते पेटंट,” मारोती पहिल्याच दिवशी म्हणाला.

“तसं होत नसतं,” मी म्हटलं. “फार तर त्यांचं रद्द करता येईल. त्यासाठी हा पाइप त्यांच्या अर्जाच्या आधीपासून लोकांना माहीत होता, लोकांनी पाहिला होता, असं दाखवावं लागेल.”

“म्हंजे मंग कुनीबी बनवील?”

“कोणीही.”

“आन् आमी?”

“तुम्हीही.”

त्यानं बरोबर आणलेला पाइप टेबलावर सरळ केला. मग म्हणाला, “पन मॅडम, लोकांनी काहून पाह्यला असंल? बाबा कुनाला दाखवतच नव्हते. रोज काम झालं की पाइप काढायचे, गोनपाटात गुंडाळायचे आन् खांद्यावर टाकून घरी आनायचे. शेतात ड्रम भरायचा तर लोकाईला आधी लांब पाठवायचे.” हे सांगताना त्याची छाती फुगली होती.

माझी मात्र बसली. कायदा म्हणतो, लपवून केलेला वापर मोजायचा नाही. त्याहून वाईट म्हणजे मारोतीनं माझ्याकडे येण्याआधी एका वकिलाकडून नोटिशीला उत्तर धाडलं होतं आणि त्यात ऐटीत लिहवून घेतलं होतं की ही आमच्या घरची गुप्त विद्या असून माझ्या वडिलांनी ती कोणासही दाखवली नाही. वडिलांचा मान वाढवायला लिहिलेलं ते वाक्य त्याच्याच मानेवर सुरी होतं.

मी विरोध नोंदवला तो दुसऱ्या मुद्द्यावर. भोकांची घनता बदलणं कोणाही कारागिराला सहज सुचेल, असा. मुद्दा लंगडा होता, मला ठाऊक होतं. कंपनीनं उत्तर दिलं आणि त्याला मारोतीचं ते पत्र जोडलं. सहज सुचणारी गोष्ट माणूस अशी लपवून ठेवतो का, असा त्यांचा सवाल. सवाल बिनतोड होता. आता मला उत्तरादाखल पुरावा द्यायची एक संधी होती, आणि त्यातही नियम असा की समोरच्यानं काढलेल्या विषयापलीकडं जायचं नाही.

काय द्यावं ते सुचत नव्हतं. पाइप बसवताना एकदा डोळ्यांनी बघावा म्हणून गोरेगावला गेले. हंगाम सुरू होत होता. गावात पोचले तर मारोतीचा जुना कुकर, म्हणजे ग्यानबांचाच, खंडोबाच्या देवळापुढं उभा. ड्रम रिकामा, झाकण उघडं. आणि पाइप समोर पाटावर उभा करून ठेवलेला, उघडा! मारोतीची बायको त्याला हळद-कुंकू लावत होती. आजूबाजूला अर्धं गाव.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“पयला ड्रम देवाचा असतो ना,” मारोती म्हणाला. “देवाच्या भंडाऱ्याची हळद. ती शिजवल्याबिगर हंगाम सुरू करत न्हाईत.”

“पण पाइप उघडा कसा?”

“देवापुढं झाकून कसं ठेवनार?”

“वडील असतानाही असंच करायचे?”

“व्हय, त्याईनंच सुरू केलं. पाइप नवा केला ती पयली हळद बी देवाचीच.”

मला हसावं की त्याच्या पाठीत धपाटा घालावा ते कळेना. “अहो, मी तुम्हाला पहिल्या दिवशी विचारलं होतं, पाइप पहिल्यांदा कुठं वापरला? तुम्ही कळमनुरीच्या एका शेतकऱ्याचं नाव सांगितलंत!”

“बराबर हाय की. पयलं काम त्याचंच,” मारोती शांतपणे म्हणाला. “हे देवाचं हाय मॅडम. देवाचं कामात धरत न्हाईत.”

त्याची काही चूक नव्हती. देवाच्या कामाची मजुरी नाही, म्हणून ते काम नाही. आमच्या तांड्यावरही कोणाला विचारलं असतं तरी हेच उत्तर आलं असतं. मलाच प्रश्न विचारता आला नव्हता.

कायद्याला मात्र मजुरीशी देणंघेणं नाही. चार लोकांपुढं उघडं ठेवलं, बघू नका असं कोणाला म्हटलं नाही, की झालं उघड. आणि लपवण्याचा विषय कंपनीनंच काढला होता, म्हणजे त्याला उत्तर द्यायला मी मोकळी. आता एकच गोष्ट हवी होती. त्या पहिल्या पूजेच्या पाइपाला भोकं वर दाट होती हे सांगणारं कोणीतरी.

जमलेल्या बायकांना मी तेच विचारलं. ग्यानबांच्या शेजारणीनं, कौसाबाईनं, पटकन तोंड उघडलं. “वरच दाट व्हती! आठवंना कसं? सुभद्रा एकेका भोकापाशी कुंकू लावत वर गेली आन् वर कुंकूच संपलं की तिचं. माझा करंडा मी दिला. कळस बशिवला ना, त्याच वर्साला.”

बोलून गेली आणि जीभ चावली. देवळाच्या ओट्यावर बसलेल्या मारोतीच्या आई, सुभद्राबाई, उठल्या आणि घराकडं निघून गेल्या.

मारोतीला यातलं काही ठाऊक नव्हतं. कौसाबाईनं मला बाजूला नेऊन सांगितलं. भर पूजेत सवाशिणीचं कुंकू संपलं, बायका अपशकुन म्हणाल्या. पुढं तीन-चार वर्षांत ग्यानबा आजारपणात गेले. मग कोण काय बोललं असेल ते सांगायला नको. सुभद्राबाईंनी तो विषय पुन्हा कधी काढला नाही आणि त्यांच्यापुढं कोणी काढू दिला नाही.

मी परत आले. कळसाचं वर्ष देवळाच्या पायरीवरच कोरलेलं होतं, कंपनीच्या अर्जाच्या कितीतरी आधीचं. पण भोकाभोकाला बोट लावलेली बाई एकच होती. मारोतीचा फोन आला, “आईला म्हनू का सही करायला?” मला मुदत दिसत होती, तरी मी ‘नको’ म्हणाले. फोन ठेवला आणि स्वतःवरच चिडले. एवढी चांगली साक्ष हातची जाऊ देणारा दुसरा कोणी एजंट मी पाहिला असता तर त्याला मूर्ख म्हटलं असतं.

दोन-तीन दिवसांनी दारात जीप थांबली. सुभद्राबाई आणि कौसाबाई उतरल्या. सुभद्राबाईंनी पाणीही घेतलं नाही. “लिवून घ्या,” म्हणाल्या. मग, माझ्याकडं न बघता, “ते दुखन्यानं गेले. मला ठाव हाय. पन बाया म्हनल्या आन् मी बी मानलं. आता त्या कुंकवापायी लेकराचं दुकान गेलं, तर मंग खरंच अपशकुन झाला म्हनायचा.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कामात मी रडत नाही, पण तेव्हा आलं.

दोघींचं मी वेगवेगळं लिहून घेतलं. एकीला दुसरीचं वाचून दाखवलं नाही. कंपनीनं उलटतपासणी मागितली, तीही सुभद्राबाईंचीच. त्या दिवशी माझ्या कचेरीत पडद्यापुढं त्या पदर सावरून ताठ बसल्या. पडद्यावर अधिकारी, मंडळाचे तिघं आणि कंपनीचे वकील. वकील सभ्य होते, हिंदीत बोलले. “माताजी, इतनी पुरानी बात है. छेद ऊपर ज्यादा थे, ये आपको अब तक कैसे याद है?”

सुभद्राबाईंना हिंदी समजत होतं. त्या मराठीतच बोलल्या. अधिकारी मराठी होते, त्यामुळं मला मध्ये पडावं लागलं नाही.

“कुंकू संपलं म्हनून याद हाय साहेब. खाली चार ठिकानी बोट टेकलं की झालं. वर गेले तशी भोकाला लागून भोक. शेंड्याला जाईस्तोवर करंडा रिता. समदं गाव बघून राहिलं व्हतं. बाया म्हनल्या, अपशकुन. आन् मंग आमचे हे गेले. तवापासून आज पयल्यांदा चारचौघात बोलून राहिले. अशी गोष्ट बाई इसरंल का?”

मंडळातल्या एका बाईंनी चष्मा काढून पुसला. वकिलांनी कागद खाली ठेवला आणि आणखी काही विचारायचं नाही म्हणाले. मला त्यांचं कौतुक वाटलं. कुठं थांबावं हे कळणं ही या धंद्यात मोठी गोष्ट आहे.

मंडळाचं मत आमच्या बाजूनं गेलं आणि पेटंट रद्द झालं. अपिलाची मुदत टळेपर्यंत मी मारोतीला पेढे वाटू दिले नाहीत. कंपनी अपिलात गेली नाही. मग एके दिवशी तो आईला घेऊन निकाल ऐकायला आला.

“बाबाचं नाव हाय का त्यात?” त्यानं आधी हेच विचारलं.

होतं. मी इंग्रजीवरून मराठीत वाचून दाखवलं: ‘कैलासवासी ग्यानबा यांनी स्वतः तयार केलेला हा पाइप मंदिरासमोर सर्व ग्रामस्थांपुढे उघडपणे ठेवला होता.’ मारोतीनं ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. पेटंट काही बापाच्या नावावर झालं नव्हतं. खरं तर ग्यानबा स्वतः पेटंट मागायला आले असते तरी याच पूजेपायी मी त्यांना परत पाठवलं असतं. हे मी मारोतीला सांगितलं नाही.

सुभद्राबाई मात्र पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. “उघडपने? जलमभर गोनपाटात गुंडाळून आनला आन् सरकारनं लिवलं, उघडपने!”

पुढच्या हंगामाच्या पहिल्या ड्रमला मला बोलावणं होतं. आता गोरेगावातले आणखी दोघं-तिघं तसाच पाइप बनवतात. मारोतीची त्याला हरकत नाही, त्याच्या दुकानापुढं रांग आहे. मला बसायला त्यानं देवळापुढं तेच जुनं गोणपाट अंथरलं. पाटावर पाइप उभा होता. सुनेनं कुंकवाचा करंडा उचलला, आणि स्वतः लावायच्या ऐवजी सासूपुढं धरला.

सुभद्राबाई मागं सरल्या. “मला कशाला? सवाशिनीनं लावावं.”

“लाव गं,” कौसाबाई म्हणाली. “भोकं तुझ्या वळखीची हाईत.”

बायकांनी सरकून पाटापुढं जागा केली. सुभद्राबाई बसल्या. खालून सुरुवात केली. एक भोक, एक बोट. वर वर जात राहिल्या तशी भोकं दाटत गेली, त्यांचा हात सावकाश झाला. शेंड्याच्या शेवटच्या भोकापाशी त्यांनी बोट टेकलं, करंड्यात डोकावून पाहिलं, आणि तो सुनेच्या हातात दिला.

“उरलं गं,” त्या म्हणाल्या. “घे, तुला लाव.”